पं. विष्णू दिगंबर पलुस्कर : गाणं शाळेत आणणारे शिक्षक



मागच्या महिन्यात आमच्या अर्धापूरच्या एका पालकांनी मला वाटेत गाठलं. त्यांची मुलगी गाणं शिकते. प्रारंभिक झाली, प्रवेशिकेच्या दोन्ही परीक्षा झाल्या, दरवेळी चांगले गुण मिळाले. आता मध्यमाच्या पायरीवर तिचे शिक्षक तीन-चार महिने एकच राग घेऊन बसलेत. बंदिश तिला केव्हाच पाठ झाली आहे, मग पुढे का जात नाहीत, फी कशाची घेतात, अशी त्यांची तक्रार होती. मुलगीही कंटाळली आहे. पूर्वी आठवड्याला नवीन गाणं यायचं, आता नुसता आलाप.

मी संगीताचा शिक्षक नाही, भाषा शिकवतो. पण हा प्रश्न माझ्या वर्गातलाही आहे. पहिली-दुसरीला मूल भराभर पुढे जातं, आपण खूश, पालक खूश. मग एक वळण असं येतं की पाठांतर संपतं आणि खरं शिकणं सुरू होतं, आणि नेमकं तिथेच मुलं गळतात. संगीतात हे वळण फार स्पष्ट दिसतं. म्हणून आजच्या पाठासाठी मी ज्यांनी आपल्याकडे गाणं वर्गात, पुस्तकात आणि परीक्षेत आणलं त्यांचं चरित्र निवडलं आहे. नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांनी काय सोसलं आणि नेमकं काय केलं हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

बालपण आणि गेलेली दृष्टी

विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. कुरुंदवाड म्हणजे कृष्णेच्या काठचं, पटवर्धनांचं छोटं संस्थान. घराणं मूळचं पलूस गावचं, म्हणून पलुस्कर. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. म्हणजे घरात अभंग, पदं, आख्यानं, टाळ-मृदंग हे सगळं रोजचंच. आपल्या मराठवाड्यात ज्याच्या घरी कीर्तनाची परंपरा असते त्याच्या मुलाला ताल वेगळा शिकवावा लागत नाही, तसंच हे.

मुलगा हुशार होता, शाळेत जात होता. पण एका दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला शोभेच्या दारूचं काम चालू असताना स्फोट झाला आणि त्याच्या डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी पूर्ण गेली नाही, पण इतकी अधू झाली की पुस्तक वाचून शिकणं जवळजवळ बंद झालं. उपचारासाठी त्याला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मुलाचा आवाज फार चांगला आहे. डोळ्यांवर अवलंबून नसलेली विद्या याला द्यावी, गाणं शिकवावं, असा सल्ला त्यांनी दिला.

इथे क्षणभर थांबू या. एका अपघाताने मुलाची शाळा संपली. त्या काळी अशा मुलाचं पुढे काय होत असेल याची कल्पना करा. पण कोणीतरी त्याच्यात काय गेलं आहे ते न पाहता काय उरलं आहे ते पाहिलं. आपल्या वर्गातल्या विशेष गरजा असलेल्या मुलांबद्दल बोलताना हा प्रसंग मी नेहमी सांगतो.

मिरज : गुरूच्या घरी नऊ वर्षं

मिरजेला तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती त्यांनी. त्यांनी स्वतः ही विद्या फार हालअपेष्टा सोसून मिळवली होती. घर सोडलं, दूरचा प्रवास केला, ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशींची सेवा केली, तेव्हा कुठे गाणं हाती लागलं. अशा माणसाकडून विद्या मिळवणं सोपं नव्हतं. 1887 च्या सुमाराला विष्णू त्यांच्याकडे राहिला. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय केली.

त्या काळची शिकवण्याची रीत आज आपल्याला विचित्र वाटेल. वही नाही, पुस्तक नाही, वेळापत्रक नाही. गुरुजी गातील तेव्हा ऐकायचं, त्यांच्या मागे तंबोरा धरून बसायचं, सांगतील तेवढंच घ्यायचं. एकेक राग महिनोन् महिने, कधी वर्षभरसुद्धा. स्वर हलला की पुन्हा पहिल्यापासून. का, कसं असं विचारायची सोय नव्हती. घरची कामं, निरोप, पाणी भरणं हेही शिक्षणाचाच भाग.

या पद्धतीतून काय मिळालं? गळा पक्का झाला. राग अंगात मुरला. कान इतके तयार झाले की डोळ्यांची उणीव भरून निघाली. आणि काय गेलं? वेळ गेला, आणि अनेक जण वाटेतच गळाले. ज्याला गुरुगृही राहता येत नाही, ज्याला घरचं पोट भरायचं आहे, जी मुलगी आहे, त्या कोणालाच ही विद्या मिळत नव्हती. हे दोन्ही विष्णुबुवांनी स्वतः अनुभवलं. पुढे त्यांनी जे केलं त्याचं मूळ या नऊ वर्षांत आहे.

मान आणि अपमान

गावातल्या एका समारंभाला विष्णुबुवांना बोलावणं आलं. संस्थानिकांचा आश्रित, शिकलेला मुलगा म्हणून त्यांना मान. पण त्यांच्या गुरुजींना बोलावणं नाही. का, तर ते गवई. गवयाला गाण्यासाठी बोलवायचं, पाहुणा म्हणून नाही, अशी त्या वेळची समजूत.

ज्या माणसाने आपल्याला विद्या दिली त्याला मान नाही आणि मला आहे, हे त्यांना सहन झालं नाही. शिवाय प्रश्न एका बुवांचा नव्हता. गाणं म्हणजे राजेरजवाड्यांची करमणूक, गाणारा म्हणजे नोकर, चांगल्या घरातल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये, हा सगळ्या समाजाचाच ग्रह होता. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. वय चोवीस. डोळे अधू, खिशात फारसं काही नाही, आश्रयही स्वतःहून सोडलेला.

भटकंती

पुढची काही वर्षं ते फिरत राहिले. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा तो प्रवास. सौराष्ट्रात त्यांनी एक धाडस केलं. दरबारात गाण्याऐवजी तिकीट लावून सगळ्यांसाठी मैफल केली. आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही, पण तेव्हा गाणं ऐकायचं तर दरबारात किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यात. थोडे पैसे देऊन कोणीही आत यावं, बसावं आणि ऐकावं, ही कल्पनाच नवीन होती. त्यामुळे गवई राजाचा मिंधा राहत नाही आणि श्रोताही कोणाच्या मेहरबानीवर राहत नाही.

मथुरेला ते काही काळ राहिले. बंदिशींची भाषा मुख्यतः ब्रज. ती भाषा नीट समजून घेतली, तिथल्या धृपद गायकाकडूनही शिकले. आधीच तयार गवई असलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होतो ही गोष्ट आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग पंजाब. जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात ते गायले आणि तिथून लाहोरला पोहोचले. आपल्या नांदेडकरांना पंजाब काही परका नाही. हुजूर साहिबमुळे सचखंड एक्सप्रेस रोज इथून अमृतसरला जाते आणि अमृतसरपासून लाहोर पन्नासेक किलोमीटरवर. पण 1900 च्या सुमाराला मराठी बोलणारा, नीट न दिसणारा तरुण तिथे जाऊन मराठी माणसं मोजकीच असलेल्या शहरात शाळा काढायचं ठरवतो, हे सोपं नव्हतं.

5 मे 1901 : गांधर्व महाविद्यालय

या दिवशी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. त्याच्यामागे राजा नव्हता, संस्थान नव्हतं. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या मैफलींचे पैसे यावर ते चालायचं. सुरुवातीला म्हणे विद्यार्थीच येईनात. विष्णुबुवा ठरलेल्या वेळी शाळा उघडायचे, तंबोरा जुळवायचे आणि रिकाम्या वर्गात स्वतःचाच रियाज करत बसायचे. वेळ संपली की बंद करायचे. हळूहळू लोक येऊ लागले.

शाळेत त्यांनी काय बदललं ते मुद्द्याने सांगतो, कारण आपल्यासाठी तोच भाग महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट, वर्ग. अनेक मुलं एकदम एका सुरात शिकू लागली. अलंकार, सरगम, हाताने ताल देणं, बंदिश, सगळं सामुदायिक. लाजरं मूलही घोळक्यात गातं हे आपण परिपाठाला रोज पाहतो.

दुसरी गोष्ट, पुस्तक. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. मात्रेचा अर्धा, पाव, आठवा भाग दाखवणाऱ्या खुणा ठरवल्या, छापखाना घातला आणि पायरीपायरीने पुस्तकं काढली. लहानांसाठी संगीत बालप्रकाश, बालबोध. पुढच्यांसाठी रागप्रवेशाचे भाग. त्याच्या पुढे स्वल्पालाप गायन, म्हणजे छोटे छोटे आलाप लिहून दिलेले. ज्या माणसाला स्वतःला पुस्तक वाचता येत नव्हतं त्याने दुसऱ्यांसाठी इतकी पुस्तकं तयार केली. संगीतामृत प्रवाह नावाचं मासिकही त्यांनी चालवलं.

तिसरी गोष्ट, परीक्षा आणि पदवी. ठराविक अभ्यासक्रम, ठराविक वर्षं, शेवटी समारंभ, त्याला शहरातली मान्यवर मंडळी. म्हणजे गाणं शिकलेला मुलगा पदवीधर म्हणून समाजासमोर उभा राहिला. मिरजेच्या त्या समारंभाचं हे उत्तर होतं असं मला वाटतं.

चौथी गोष्ट, मुली. त्यांच्यासाठी वर्ग सुरू केले. घरच्यांचा विरोध कमी व्हावा म्हणून जुन्या बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढून त्याजागी भक्तीचे शब्द घातले. याबद्दल पुढे टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. जुन्या रचनेचा स्वभाव त्यात थोडा हरवतो. पण त्यामुळे ज्या घरांत गाण्याचं नाव निघत नव्हतं तिथे तंबोरा गेला, हेही खरं.

पाचवी गोष्ट, उपदेशक वर्ग. निवडक मुलं शाळेतच राहायची. जेवण-राहणं-शिक्षण मोफत, पण करार नऊ वर्षांचा. पहाटे उठून रियाज, दिवसा शिकणं आणि खालच्या वर्गांना शिकवणं. संस्थेसाठी शिक्षक तयार करण्याची ही योजना होती.

आता पाहा, जी व्यक्ती गाणं सगळ्यांसाठी वर्गात आणते, तीच निवडक मुलांसाठी गुरुकुलही ठेवते, आणि तेही पुन्हा नऊच वर्षांचं. हा विरोध नाही. पहिल्या पायऱ्या वर्गात आणि पुस्तकावर चढता येतात, पण वरच्या पायऱ्यांना गुरूचा सहवासच लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अवघड वळण : बडा ख्याल

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. विष्णुबुवांच्या शिष्यांनी पुढे चालवलेल्या परीक्षांची शिडी आपल्याला माहीत आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. प्रवेशिकेपर्यंत मूल मुख्यतः छोटा ख्याल गातं. मध्य किंवा द्रुत लय, बंदिश दोन-तीन मिनिटांत पाठ, चार आलाप, चार ताना, झालं. मध्यमाच्या सुमाराला विलंबित, म्हणजे बडा ख्याल येतो आणि खेळच बदलतो.

विलंबित एकतालात मात्रा बाराच. पण लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभर चालतं. ग्वाल्हेरवाल्यांच्या आवडीच्या तिलवाड्यात मात्रा सोळा. बंदिशीचे शब्द दोन ओळी. बाकी सगळी जागा मुलाने स्वतः भरायची. आधी स्थायी मांडायची, मग रागाचा एकेक स्वर हळूहळू उलगडायचा, बोल घेऊन आलाप, बहलावे, मग अंतरा, वरचा षड्ज, मग बोलताना, ताना. आणि प्रत्येक वेळी फिरून अचूक समेवर यायचं. स्वरलिपीत यातली फक्त बंदिश लिहिलेली असते. म्हणजे पुस्तकात घराचा आराखडा आहे, भिंती मुलाने बांधायच्या आहेत.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. गोव्यात आणि मुंबईत बरीच मुलं पियानो शिकतात, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आठ पायऱ्यांच्या परीक्षा देतात. त्यांनाही वरच्या पायऱ्यांवर असंच वळण लागतं, सोनाटाचा पहिला भाग. तिथे संगीतकाराने प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला असतो, तरीही मूल अडतं. कारण सोनाटाच्या या भागालाही घडण असते. आधी दोन वेगवेगळ्या कल्पना दोन वेगळ्या षड्जांवर मांडायच्या, मग त्यांची उलथापालथ करत दूर भटकायचं, आणि शेवटी पुन्हा घरी यायचं, या वेळी दोन्ही कल्पना एकाच षड्जावर. मोझार्टने 1788 मध्ये लिहिलेला सी मेजरचा सोनाटा त्याने स्वतःच्या यादीत नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला आहे. बोटांना तो झेपतो. पण आपण आत्ता कुठे आहोत, घरी की वाटेत, हे कळल्याशिवाय तो नुसता बोटांचा व्यायाम वाटतो.

व्हिएन्नाला बीथोव्हेनने आपल्या पुतण्याला पियानो शिकवायला कार्ल चेर्नी या आपल्याच शिष्याकडे पाठवलं होतं. त्याला पत्रातून दिलेला सल्ला फार मोलाचा आहे. त्याचा आशय असा, की बोटं योग्य पडू लागली, लय सांभाळली आणि स्वर बऱ्यापैकी बरोबर आले, की मग मुलाला बारीकसारीक चुकांसाठी मध्येच थांबवू नये. रचना शेवटापर्यंत वाजवू द्यावी आणि मग चुका सांगाव्या.

आपल्या गुरुपरंपरेत मात्र चुकला की पहिल्यापासून. कोणाचं खरं? मला वाटतं दोन्हींची वेळ वेगळी आहे. स्वर चुकीचा पक्का होत असेल तर तिथेच थांबवायला हवं, कारण चुकीचा पक्का झालेला स्वर नंतर सुटत नाही. पण स्वर बरोबर असून मूल आवर्तन भरायला धडपडत असेल, तर त्याला समेपर्यंत जाऊ द्यायला हवं. सम चुकली तरी चालेल, पुढच्या आवर्तनात पुन्हा धरेल. प्रत्येक वेळी मध्येच थांबवलेलं मूल समेपर्यंत जायला शिकतच नाही. निबंध लिहिताना प्रत्येक शब्दावर लाल खूण करणारे आपण शिक्षक हेच करत असतो.

मुंबई, कर्ज आणि लिलाव

1908 मध्ये विष्णुबुवांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. काम फार वाढलं. शेकडो विद्यार्थी, छापखाना, वाद्यांची दुरुस्ती, संगीत परिषदा. काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांनी वंदे मातरम् गायलं, रामधून लोकांच्या ओठांवर नेली. संस्थेसाठी सँडहर्स्ट रोडला मोठी इमारत बांधली, पण ती कर्जावर. फेडण्यासाठी ते गावोगाव मैफली करत फिरले. मोफत जेवणारी मुलं वाढत होती, खर्च वाढत होता. त्यातच त्यांचं मन मैफलीतून निघून रामकथा आणि रामनामाकडे वळलं होतं. 1924 च्या सुमाराला कर्जापोटी इमारतीचा लिलाव झाला.

घरचं दुःखही मोठं होतं. बारा अपत्यांपैकी एकच, 1921 मध्ये जन्मलेला दत्तात्रेय, जगला. बाकीची सगळी लहानपणीच गेली. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. हजारो मुलांना शिकवणाऱ्या माणसाच्या घरातली ही शांतता.

शेवटची वर्षं त्यांनी नाशिकला रामनाम आधाराश्रमात काढली. भगवी वस्त्रं, रामकथा आणि सोबत काही शिष्य. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. जिथून अपमानाने निघाले त्याच गावी. वय एकोणसाठ. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता.

मागे काय उरलं

इमारत गेली, माणसं उरली. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केलं, तेच आजचं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. नांदेड-लातूरची मुलं आज ज्या परीक्षांना बसतात त्या या मंडळाच्या. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि राग विज्ञान ही पुस्तकमाला लिहिली. ओंकारनाथ ठाकूर देशभर गाजले. नारायणराव व्यास घराघरांत ऐकले गेले. बी. आर. देवधरांनी मुंबईत स्वतःची शाळा काढली, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला, आणि त्यांच्याकडे शिकून कुमार गंधर्व तयार झाले. लहानग्या दत्तात्रेयाला वडिलांच्या शिष्यांनी शिकवलं. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून ओळखला गेला आणि 1955 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. वडील दहाव्या वर्षी गेले तरी त्याच्यापर्यंत वडिलांचं गाणं पोहोचलं, कारण ते वर्गात वाटून ठेवलेलं होतं. विद्या एकट्याच्या गळ्यात राहिली असती तर ती मिरजेच्या त्या ऑगस्टमध्येच संपली असती.

विष्णुबुवांच्या कामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वर्गात शिकवून मोठे गवई तयार होत नाहीत, परीक्षेने नुसते कागद मिळतात. त्यांचं म्हणणं असं होतं असं सांगतात की सगळे तानसेन झाले नाहीत तरी चालेल, गाणं समजून ऐकणारे कानसेन तर तयार होतील. मला हे फार पटतं. आमच्या शाळेतून निघालेला प्रत्येक मुलगा लेखक होणार नाही. पण चांगलं पुस्तक हातात आलं तर त्याला ते कळलं पाहिजे.

मात्र आक्षेपाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. प्रमाणपत्र हेच ध्येय झालं, तर विष्णुबुवांनी बांधलेली शिडी आपण उलटी लावली असं होईल. त्यांनी परीक्षा काढली ती गाणाऱ्याला मान मिळावा म्हणून. मुलांची घाई व्हावी म्हणून नव्हे.

पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी चार गोष्टी

1. मूल मध्यमाच्या आसपास एकाच रागावर अडकलेलं दिसलं, तर ते थांबलं आहे असं लगेच समजू नका. शिक्षकांना विचारा की मूल आता स्वतःचा आलाप किती आवर्तनं करू शकतं. एकावरून तीनवर आलं असेल तर ती मोठी प्रगती आहे, पण प्रगतीपुस्तकात ती दिसत नाही.

2. शिक्षकांनीही पालकांना हे आधीच सांगावं. गेल्या महिन्यात काय येत नव्हतं आणि आता काय येतं हे दाखवावं. न सांगता चार महिने एकच राग घेतला तर पालकांची शंका रास्त आहे. मिरजेच्या गुरुगृहात का असं विचारायची सोय नव्हती, आपल्याकडे असली पाहिजे.

3. मोठी रचना तुकड्यांनी शिकवा, पण मुलाला तुकड्यांचं नाव माहीत हवं. स्थायी कुठे संपली, विस्तार कुठे सुरू झाला, अंतरा का आला. कवितेत, गणिताच्या मोठ्या उदाहरणात, विज्ञानाच्या प्रयोगातही हेच लागू आहे.

4. आठवड्यातून एकदा तरी मुलाला न थांबवता पूर्ण गाऊ द्या. घरच्यांनी समोर बसून ऐका. मोबाईल बाजूला ठेवून. कानसेन घरातच हवेत.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

- विष्णू दिगंबर पलुस्करांनी मिरज का सोडली? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
- स्वतः नीट वाचता येत नसताना त्यांनी पुस्तकं का काढली असतील?
- कुरुंदवाड, मिरज, मथुरा, जालंधर, लाहोर, मुंबई आणि नाशिक नकाशावर दाखवा. लाहोर आज कोणत्या देशात आहे?
- तुम्हाला एखादी गोष्ट पाठ आहे पण कळलेली नाही, असं कधी झालं का? त्याबद्दल पाच ओळी लिहा.

त्या पालकांना मी वाटेतच एवढं सगळं सांगू शकलो नाही. एवढंच म्हणालो की एक दिवस संध्याकाळी क्लासला जाऊन मागे बसा, काही बोलू नका, नुसतं ऐका. ते गेले. परवा भेटले तेव्हा त्यांनी फीचा विषय काढला नाही. मुलगी अजून त्याच रागावर आहे, पण म्हणाले की आता ती तोंडाने सम मोजत घरभर फिरते आणि स्वयंपाकघरात आईला मात्रा सांभाळायला लावते. पुढचा राग केव्हा येईल ते तिच्या शिक्षकांवर सोडलं आहे.

पाठ वर्गात वापरला तर मुलांची उत्तरं जरूर कळवा.